टाकीचा उजवा कॉक

सिरिल बॅगशॉच्या दिवाणखान्याची खिडकी आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी एकमेकींसमोर यावी, अशी योजना ज्या कोणा वास्तुविशारदाने केली असेल, त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान नव्हते, असे माझे नम्र मत आहे. सिरिलने त्या खिडकीत आपले करंडक मांडले आहेत. जुन्या मोटारसायकलींच्या शर्यतींत मिळवलेले ते करंडक तो दर रविवारी चर्चला निघण्यापूर्वी मऊ फडक्याने पुसतो, आणि नेमक्या त्याच वेळी मी आदल्या रात्रीची भांडी विसळीत असतो. ऊन पूर्वेकडून येते व थेट त्या चांदीवर पडते. अधिक वर्णन करीत नाही.

शर्यतीत मीही जुनी मोटारसायकल पळवतो. हे क्रियापद येथे केवळ सौजन्यापोटी योजले आहे. माझी मोटारसायकल एका सिलिंडरची असून माझ्या वडिलांच्या तारुण्यातील आहे. हिवाळ्यात तिचे इंजिन आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून विराजमान असते आणि आम्ही उभयता मांडीवर ताटल्या घेऊन जेवतो. या तपश्चर्येचे फळ एवढेच, की सलग तीन मोसमांत तिने एकही शर्यत शेवटपर्यंत नेलेली नाही. आपण थांबावे कोठे, हे तिचे तीच ठरवते आणि तेथून मला दोरीपलीकडच्या गवतातून चालत यावे लागते.

स्केलबीच्या शर्यतींच्या आठवड्यात, न्याहरीच्या वेळी, माझी पत्नी एनिड टोस्टला मुरंबा लावता लावता शांतपणे म्हणाली, "लेनर्ड, या शनिवार-रविवारी एक शर्यत पुरी कर. एकच. कितवा आलास ते मी विचारणार नाही. पण शेवटचा झेंडा न बघता परत आलास, तर ती गाडी सिरिलला द्यायची. तो केव्हाचा मागतोय."

"सिरिलला?"

"मग काय भंगारात घालू? सिरिल नीट ठेवील तिला."

तो 'नीट' माझ्या घशात अडकला. टोस्ट त्याच्या मागून गेला. दुसऱ्या कोणाला ती द्यावी लागली असती तर मी ते दुःख पुरुषाला शोभेल अशा धैर्याने गिळले असते. परंतु माझी मोटारसायकल त्या खिडकीत, त्या उन्हात, त्या करंडकांच्या पाठीमागे उभी आहे आणि मी हातात कढई घेऊन तिच्याकडे पाहत आहे, हे चित्र माझ्या मनःचक्षूंपुढून हलेना.

बातमी गावभर झाली. धर्मोपदेशक टॉमलिन कुंपणापाशी येऊन थांबले. तारुण्यात ते एका मोपेडवरून रुग्णांच्या भेटीला जात असत. तेव्हापासून इंजिन या विषयात आपल्याला अधिकारवाणीने बोलता येते, असा त्यांचा समज आहे.

"वजन, मास्तर, वजन," ते म्हणाले. "पेट्रोल बेताचंच घाला. माणूस काय, गाडी काय, हलकं असलं की लवकर पोचतं."

"आणि मत्सराचं काय करावं?" मी विचारले. त्यांची सात महापातकांवरील प्रवचनमाला नुकतीच आटोपली होती.

"त्याचं वजन सगळ्यांत जास्त," ते म्हणाले आणि आमच्या वेलावरचा घेवडा चाखून निघून गेले.

स्केलबी हा युद्धकाळातील जुना विमानतळ. विमाने गेली, धावपट्टी उरली, आणि उत्तर समुद्रावरून येणारा वारा हटकून समोरूनच येतो, ही परंपराही उरली. आम्ही सर्वजण तेथे तंबू, व्हॅन, किटल्या आणि बायका यांसह शुक्रवारी सायंकाळीच तळ देतो. माझ्या शेजारची जागा कोणाला मिळाली असेल, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

सिरिल निवृत्त दंतवैद्य आहे. त्याची अवजारे पांढऱ्या स्वच्छ कापडावर उतरत्या क्रमाने मांडलेली असतात आणि इंजिनाकडे वाकताना तो हळुवार स्वरात त्याच्याशी बोलतो. माझ्या दोन दाढांनी तो स्वर पूर्वी ऐकलेला आहे. त्या आता माझ्याजवळ नाहीत.

शनिवारी सकाळी यंत्रतपासणीसाठी रांग लागली. तपासनीस गार्बट यांनी गुडघे टेकून माझ्या इंजिनाखाली मान घातली. तेल ठिबकणे हा आमच्यात दोष मानला जात नाही. उलट ज्या जुन्या इंजिनातून तेल ठिबकत नाही त्यात तेलच नसावे, अशी शंका घेतली जाते. तेव्हा मी निश्चिंत होतो.

"ठिबकू दे बापडं," गार्बट म्हणाले. "पण तेलाच्या बुचाला तार कुठाय, मास्तर? बूच सुटलं तर मागचे सगळे घसरतील ना."

"तार आहे," मी म्हणालो आणि खिशातून तारेचे भेंडोळे काढून दाखवले.

"खिशात नाही, बुचाला. बुचाला भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची. भोक कुठाय?"

भोक नव्हते. गाडी पसंत झाली की तिच्यावर लावायची चिकटपट्टी गार्बट यांनी पुन्हा पिशवीत ठेवली. त्यांच्या मुद्रेवर ते कारुण्य होते जे लॅटिनचा शिक्षक या नात्याने परीक्षेच्या वर्गात मी स्वतः अनेकदा धारण केले आहे. ते समोरून पाहावयास इतके अप्रिय असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

मागून आवाज आला. "मी बघू का जरा?"

सिरिल आपले दातांचे ड्रिल घेऊन आला होता. निवृत्त होताना त्याने ते घरी आणले होते व एका लहान बॅटरीवर चालेल असे करून घेतले होते. तो माझ्या मोटारसायकलीपाशी बसला, तिच्या तेलाच्या टाकीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "जरा कंप जाणवेल हं. झालंच. अगदी झालंच."

ती हूं की चूं करीना. भोक असे सुबक पडले की गार्बट यांनी इतर लोकांस बोलावून ते दाखवले.

"काय बाई हात आहे सिरिलचा," एनिड म्हणाली.

"माझ्या दाढांना विचार," मी म्हणालो; परंतु वारा समोरून होता आणि माझे शब्द माझ्याच कानांत परत आले.

आता खरे दुःख सांगतो. आमच्या शर्यतींत इंजिन बंद ठेवून उभे राहायचे असते. झेंडा पडला की गाडी ढकलत धावायचे, ती सुरू झाली की वर उडी मारायची. सरावाच्या वेळी मी धावलो. तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो, वळलो आणि परत धावत आलो. इंजिनाने दोनदा शिंकल्यासारखे केले. लोक चहाचे पेले हाती घेऊन मला वाट देत होते. अखेर मी तंबूच्या खुंटीवर बसलो असता सिरिलने मुकाट्याने तिचे हँडल हाती घेतले, चार पावले चालला, म्हणजे खरोखर चालला, आणि ती गर्जना करून उठली.

बुद्धिमान वाचकांना यात केवळ यंत्रशास्त्र दिसेल. तीन हिवाळे जिला माझ्या जेवणाच्या टेबलावर आश्रय होता, जिच्या वॉल्व्हना मी स्वतःच्या दाढीच्या ब्रशने साफ केले, ती परक्या पुरुषाच्या पहिल्या स्पर्शाला अशी प्रतिसाद देती झाली, हे मात्र मला दिसत होते. सिरिल ती माझ्या हाती देत म्हणाला, "तू फार घाई करतोस, लेनर्ड. तिला जरा विश्वास वाटू दे."

शनिवारच्या शर्यतीत सर्वजण क्षितिजापलीकडे गेल्यावर ती सुरू झाली. दुसऱ्या फेरीत ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने प्राण सोडला आणि मी परिचित गवतातून परिचित अंतर चालत आलो.

आमच्या तळावर एक रीत आहे. कोणाचा एखादा भाग निकामी झाला की लाउडस्पीकरवरून तसे पुकारतात, आणि ज्याच्याजवळ तो असेल त्याने आणून द्यायचा. मग तो प्रतिस्पर्धी का असेना. या रीतीचा मला अभिमान आहे. मात्र त्या दिवशी माझी मनोमन प्रार्थना एवढीच होती, की देणारा सिरिल नसावा.

पुकारा झाला. लोक आले. एकाने पंप आणला. एका वृद्ध गृहस्थाने, ऐकण्यात काही चूक झाल्यामुळे असावे, लोण्याचा डबा आणला. दोघांनी नुसतीच सहानुभूती आणली. मॅग्नेटो कोणाकडेच नव्हता. मग सिरिल केकच्या पत्र्याच्या डब्यासह आला. डब्यावर कागद चिकटवलेला होता: 'मॅग्नेटो, उजव्या फिरतीचा, तपासलेला.' आत तो कापसात ठेवला होता.

"तुझ्या गाडीचा कधीतरी जाणार, असं वाटतच होतं मला," तो म्हणाला. "म्हणून आणून ठेवला."

"तुला गाडी हवी आहे ना, सिरिल?" मी स्पष्ट विचारले. "मी हरलो तर ती तुझी. मग ही मदत कशाला?"

त्याने डबा माझ्या हाती दिला. "ती चालायला हवी रे. कुणाच्या का दारात असेना."

दुर्जनाशी कसे वागावे हे मला ठाऊक आहे. सिरिल दुर्जन नाही, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा अपराध आहे.

मॅग्नेटो बसला, पण रविवारी सकाळी क्लचची तार तुटली. दुपारची शर्यत ही शेवटची संधी होती. मी गाडीखाली पाठीवर पडून, तोंडात पाना धरून, तार ओवीत होतो. सिरिल या वेळी आला नाही. माझ्या जिवाला बरे वाटले. तो साइडकारच्या तयारीत होता. त्याच्याजवळ एक जुनी साइडकारची गाडीही आहे, कारण देव ज्याला देतो त्याला असे देतो. तिच्यावर बाजूला बसणारा त्याचा मेहुणा रेजिनाल्ड चहाची मोठी टाकी उचलताना पाठीतून कळ निघून तंबूत आडवा झाला होता. जेवणाच्या सुट्टीत जुन्या गाड्यांची प्रदर्शन-फेरी असते. ती शर्यत नव्हे, शिरस्त्राण घातलेले कोणीही तीत बसू शकते.

लाउडस्पीकर खरखरला: "आता येत आहेत सिरिल बॅगशॉ, आणि त्यांच्या साइडकारमध्ये, आज पहिल्यांदाच, एनिड विदर्स."

विदर्स हे आमचे आडनाव. पाना माझ्या तोंडातून निघून कपाळावर पडला.

मी बाहेर येईतो ते वळणावर होते. साइडकारमध्ये बसणाऱ्याला वळणावर आपला सर्व भार बाहेर टाकून झुकावे लागते, नाहीतर चाक उचलते. माझी पत्नी, जी बसमध्ये खिडकीशी बसत नाही, जी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढताना माझा खांदा धरते, ती माझ्याच जुन्या चामडी कोटात गवताला कोपर घासेल इतकी बाहेर झुकली होती. आणि ती हसत होती. लोक टाळ्या वाजवत होते. धर्मोपदेशक टॉमलिन, जे खास आम्हाला पाहण्यास आले होते, टोपी हलवत होते.

"छान झुकतात हो मिसेस विदर्स," ते म्हणाले.

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. हे उत्तर शब्दशः खरे होते.

ती परत आली तेव्हा तिचे गाल लाल होते. "बघितलंस?" तिने विचारले.

"क्लचची तार बघत होतो," मी म्हणालो. माझ्या कपाळावर टेंगूळ आले होते, त्याबद्दल तिने विचारले नाही.

अशा मनःस्थितीत मी शेवटच्या शर्यतीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या गाडीची टाकी जुन्या घडणीची; मधल्या नळीवर खोगिरासारखी बसणारी. तिला खाली दोन बाजूंना दोन पेट्रोल कॉक आहेत. डावा उघडला की डाव्या पोटातील पेट्रोल उतरते, उजवा उघडला की उजव्या. दोन्ही उघडावेत, हे शिशुवर्गातील ज्ञान होय. मी डावा उघडला. उजवीकडे वळलो तो तेथे सिरिलचे बूट होते. तो मला शुभेच्छा द्यायला आला होता.

"काही बघू का?"

"काही नको," मी म्हणालो. उजवा कॉक उघडण्यासाठी मला त्या बुटांपुढे वाकावे लागले असते. मी वाकलो नाही. सिरिल निघून जाईल, मग उघडू, असे ठरवले. तो जाण्यापूर्वी झेंडा पडला.

यानंतर जे घडले त्याला चमत्कार म्हणावे लागेल. ती चार पावलांत सुरू झाली. मी उडी मारली आणि पुढील फेऱ्यांत मी ती खरोखर पळवली. क्रियापद येथे वाच्यार्थाने घ्यावे. मी एकाला मागे टाकले. तो थांबून चष्मा पुशीत होता, तथापि टाकले. वारा पाठीशी आल्याचा भास झाला. करंडकांची खिडकी, पांढरे कापड, गवताला घासणारे ते कोपर, सर्व मागे पडत चालले. शेवटची फेरी, शेवटचे वळण, समोर सरळ धावपट्टी आणि तिच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा घेतलेला मनुष्य. आणि इंजिनाने एक दीर्घ निःश्वास टाकून मौन धारण केले.

मी उतरलो. नियम मला मुखोद्गत होते: स्वारास बाहेरून कोणाचीही मदत मिळता कामा नये, स्वबळावर ढकलून रेषा ओलांडल्यास शर्यत पूर्ण समजावी. मी ढकलू लागलो. धावपट्टीला चढ आहे, हे विमानचालकांनी कधी कोणास सांगितले नसावे. पाऊस सुरू झाला. इतर सर्व केव्हाच पोहोचले होते. झेंडेवाला झेंडा गुंडाळू लागला होता, तो थांबला.

आणि दोरीच्या पलीकडून, माझ्या पावलांशी पावले जुळवीत, सिरिल चालू लागला.

"लेनर्ड, टाकीचा उज—"

"एक शब्द बोलू नकोस."

"अरे पण नुसतं—"

"सल्ला हीसुद्धा मदत आहे. मला बाद करायचं आहे तुला."

"बाद कशाला करू? हात लावत नाही, बघ," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "फक्त खाली बघ. उजवीकडे."

मी निश्चयपूर्वक डावीकडे पाहिले. मग त्याने खोल श्वास घेतला, जणू पुन्हा प्रारंभ करणार. तेव्हा मी, फुप्फुसांत जो काही वारा शिल्लक होता तो सर्व खर्चून, लॅटिन भाषेची क्रियापदे मोठ्याने चालवू लागलो, जेणेकरून त्याचा शब्द माझ्या कानी पडू नये. प्रेक्षकांना हे बहुधा प्रार्थनेसारखे वाटले असावे, कारण काहींनी टोप्या काढल्या. आमचे लोक विजेत्यासाठी टाळ्या वाजवतात. ढकलत येणाऱ्यासाठी मात्र उठून उभे राहतात. झेंडेवाल्याने झेंडा पुन्हा उलगडला आणि मी रेषा ओलांडली तेव्हा तो माझ्या डोक्यावरून संथपणे, एखाद्या राजावर चवरी ढाळावी तसा, हलवला. गार्बट यांनी घड्याळ पाहिले, नियम पाहिले आणि म्हणाले, "झाली पुरी. शेवटचे आलात, मास्तर, पण आलात."

मी ओल्या धावपट्टीवर बसलो. एनिडने थर्मासमधला चहा माझ्या हाती दिला. "गाडी राहिली तुझ्याकडे," ती म्हणाली. तिच्या शब्दाला ती पक्की आहे.

सिरिलने आता दोरी ओलांडली, वाकून उजवा कॉक उघडला आणि चार पावले चालला. ती गर्जना करून उठली. "अर्धी टाकी भरलेली होती रे," तो खिन्नपणे म्हणाला. "तेच सांगत होतो."

मी त्या शब्दांकडे दुर्लक्ष केले. मी जिंकलो होतो. ती माझी होती, माझ्या जेवणाच्या टेबलावर परत येणार होती. सिरिलच्या खिडकीत ती कधीही उभी राहणार नव्हती. त्या आनंदात मी एनिडकडे पाहिले. ती अजून माझ्याच चामडी कोटात होती.

"सिरिलनं मला पुढच्या मोसमासाठी विचारलंय," ती म्हणाली. "साइडकारमध्ये. रेजिनाल्डची पाठ काही आता शर्यतीची राहिली नाही."

"तुला तर शर्यतींचा तिटकारा आहे."

"कुणी सांगितलं? मला तिटकारा आहे त्या घडीच्या खुर्चीचा. तीन मोसम त्या खुर्चीत बसून मी तुझी वाट बघितली, लेनर्ड. सगळे येतात. तू येत नाहीस. मग लांब गवतात एक ठिपका दिसतो, आणि मी किटली ठेवते. आज मी गेले आणि परत आले. सिरिल परत येतो."

"तू काय सांगितलंस त्याला?"

"विचार करते म्हटलं. चहा पी, गार होतोय."

मी चहा पिऊ शकलो नाही. मी उठलो आणि चिखल तुडवीत सिरिलच्या व्हॅनपाशी गेलो. तो पांढरे कापड घडी करीत होता. आयुष्यात इतके अवघड वाक्य मी कोणत्याही भाषेत रचलेले नाही.

"सिरिल, माझी मोटारसायकल घे. त्या बदल्यात तुझी साइडकार मला दे."

त्याने माझ्या गाडीकडे पाहिले. ज्या नजरेने पाहिले ती मी तीन हिवाळे आपल्या स्वतःच्या डोळ्यांत असल्याचे मानीत आलो होतो. "खरंच म्हणतोयस?" त्याने विचारले, आणि मी होकार देण्यापूर्वीच तो तिच्या टाकीवरचा पाऊस फडक्याने पुसू लागला.

आम्ही दोघे एनिडसमोर उभे राहिलो. मी निवेदन केले, की यापुढे साइडकार आमची असून ती मी चालवीन आणि बाजूला ती बसेल. एनिडने बराच वेळ विचार केला. माझ्या सबंध विवाहित आयुष्यात मी तिच्या उत्तरासाठी इतका अधीर कधी झालो नव्हतो. मागणी घालतानाही नाही, कारण तेव्हा स्पर्धेत दुसरा कोणी नव्हता.

"चालेल," ती म्हणाली. "पण एक अट आहे. इंजिन सिरिल बघील."

सिरिल दर गुरुवारी सायंकाळी येतो. जेवणाचे टेबल आता साइडकारच्या इंजिनासाठी अंथरलेले असते. तो वाकून हळुवार बोलतो, एनिड पाने हाती देते, आणि कोणता पाना हवा हे तिला त्याने न सांगता कळते. खिडकीतून पलीकडे माझी मोटारसायकल करंडकांच्या मागे उभी असलेली दिसते. ती तेथे फारच शोभते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. चहा मी करतो. तो चांगला होतो, असे दोघांचेही मत आहे.